जुनी लिंक दाबली की आधी पांढरं पान, मग साइट: रिडायरेक्टचं दुखणं कसं शोधायचं

रिडायरेक्ट म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला आपोआप नवीन पत्त्यावर पाठवणं. ते बिघडल्याची लक्षणं आधी सांगतो, यातली दोन-तीन जरी तुमच्या साइटला जुळत असली तर पुढं वाचा, नाहीतर तुमचं दुखणं वेगळं आहे.

जुन्या बॅनरवरची, व्हिजिटिंग कार्डवरची नाहीतर ग्रुपमध्ये फिरायलेली लिंक दाबली की आधी पांढरं पान येतंय, किंवा जुन्या साइटची झलक दिसती आणि मग एकदम उडी मारून नवीन साइट उघडती. ऑफिसच्या वायफायवर हे इतक्या पटकन होतंय की मालकाला कळतच नाही, पण भूम-परांड्याकडं नाहीतर किनवटच्या आतल्या गावात नेटवर्कची एकच काडी असती तिथं तीच लिंक लटकून बसती. बॅक दाबलं तर मागं जाताच येत नाही, परत तिथंच आणून सोडतंय. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की खाली डब्यात जुनंच नाव आणि जुनाच फोटो. गूगलवर शोधलं तर नवीन पत्ता सोडून जुनाच वर. अ‍ॅनालिटिक्समध्ये बघितलं तर सगळी गर्दी आपल्याच जुन्या साइटवरून आलेली दिसती, गूगलवरून किती आले, फेसबुकवरून किती, काही पत्ता नाही. आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे पेजस्पीडला (गूगलचं साइटचा वेग मोजायचं साधन) आकडा हिरवागार, आणि गिऱ्हाईक फोनवर म्हणायलंय, "ओ दादा, तुमची साइट उघडंनाच की."

आपल्याकडं हे दुखणं मागच्या दोन-तीन वर्षांत लई वाढलंय, त्याला कारण पण आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा ज्यांच्या ज्यांच्या डोमेनमध्ये नाहीतर पानांच्या पत्त्यात शहराचं जुनं नाव होतं त्यातल्या बऱ्याच जणांनी नवीन पत्ते घेतले. हॉटेलवाले, वेरूळ-अजिंठ्याला गाड्या लावणारे टॅक्सीवाले, वाळूजमधले सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने, सगळेच. दुसरी गर्दी लातूरच्या क्लासेसची, जे आधी ब्लॉगरवर फुकट चालायचे आणि मग स्वतःच्या डोमेनवर आले. नवीन साइट चांगली बनली, पण जुन्या पत्त्यावरून नवीन पत्त्यावर माणसाला कसं आणायचं हे काम शेवटच्या दिवशी घाईघाईत उरकलं, आणि जुन्या पानात दोन ओळींचा जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) चिकटवून मोकळे झाले. दिसायला चालतंय, म्हणून कोणी परत बघितलंच नाही.

आता फरक काय पडतो ते एकदा नीट समजून घ्या म्हणजे पुढच्या तपासण्या कशासाठी आहेत ते कळंल. रिडायरेक्ट दोन जागी होऊ शकतो. एक सर्व्हरवर: ब्राउझरनं जुनं पान मागितलं की सर्व्हर पान देतच नाही, फक्त ३०१ (कायमचा) नाहीतर ३०२ (तात्पुरता) असा आकडा आणि नवीन पत्ता एवढंच सांगतो. दुसरा पानात, म्हणजे क्लायंट साइड: सर्व्हर २०० (म्हणजे सगळं ठीक) म्हणून जुनं पान पूर्ण देतो, ब्राउझर ते उतरवून वाचायला घेतो, वर हेडमध्ये (कोडच्या माथ्यावर) जे सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) आणि स्क्रिप्ट असंल ते मागवतो, आणि मग कुठंतरी त्याला ओळ सापडती की अरे इथं थांबायचं नाही, दुसरीकडं जायचं. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत सांगितलं की गाडी आज तीन नंबरला लागली तर माणूस सरळ तिकडं जातो, पण खिडकीतला गप्प बसला आणि माणूस जागा पकडून बसल्यावर कंडक्टर म्हणाला की ही गाडी जाणार नाही, तिकडं जा, तर जे होतं ते पानातल्या रिडायरेक्टमध्ये होतं.

थोडा हिशोब करू. गूगलचं लाइटहाऊस मोबाइलची चाचणी घेताना जे हळू ४जी धरतं त्यात एका फेरीला, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला, १५० मिलिसेकंद धरलेत. नवीन डोमेनला पहिल्यांदा जायचं म्हणजे डीएनएसची (नावावरून सर्व्हर शोधायची) एक फेरी, टीसीपीची (जोडणीची) एक, टीएलएसची (सुरक्षित बोलणं ठरवायची) एक (१.३ असंल तर एक, जुनं १.२ असंल तर दोन) आणि मग खरी मागणी एक. म्हणजे चार फेऱ्या, ढोबळ ६०० मिलिसेकंद, तेव्हा कुठं पहिला बाइट येतो. जुन्या डोमेनवरून नवीनवर पाठवलं की हे दोनदा होणार, रिडायरेक्ट कुठूनही करा. हे स्पष्ट सांगतोय कारण काही जण म्हणतात सर्व्हरवरून केलं की वेळच लागत नाही, तसं नसतंय. वाचतो तो मधला वेळ: जुनं पान उतरवायचा, त्याची थीम, फॉन्ट, स्लायडर वगैरेची मागणी, आणि स्क्रिप्ट चालायचा. आठ-दहा हजारांच्या फोनवर स्क्रिप्ट चालायलाच जीव जातो, आणि मेटा रिफ्रेशमध्ये (पानातली इतक्या सेकंदांनी दुसरीकडं जा सांगणारी ओळ) कोणी "आम्ही नवीन पत्त्यावर आलो आहोत, ५ सेकंद थांबा" असं लिहून ठेवलं असंल तर ते ५ सेकंद वरून.

चला आता तपासायला. सोप्या आणि फुकटातल्या तपासण्या आधी, अवघड शेवटी. क्रम मोडू नका, कारण पहिल्या तीनमध्येच बहुतेक वेळा चोर सापडतो आणि पैसे खर्च करायची वेळ येत नाही.

पहिली: जुनी लिंक स्वतः उघडून बघा, पण नीट

मोबाइलवर वायफाय बंद करा, डेटा चालू ठेवा, क्रोममध्ये इनकॉग्निटो खिडकी उघडा आणि जुना पत्ता टाका. नवीन नाही, जुना. इथंच सगळे चुकतात, साइटचा वेग तपासायचा म्हणलं की नवीन पत्ता टाकतात, तिथं रिडायरेक्ट लागतच नाही, मग आकडा हिरवा येणारच की. गिऱ्हाईक कुठून येतंय? बॅनरवरून, जस्टडायलवरून, तीन वर्षांपूर्वी कोणीतरी फॉरवर्ड केलेल्या मेसेजवरून. ते जुन्या पत्त्यावरूनच येणार.

इनकॉग्निटो कामून, तर ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. तुमच्या नेहमीच्या खिडकीत त्यानं एकदा बघितलेला रिडायरेक्ट तो सर्व्हरला न विचारता परस्पर लावू शकतो, म्हणजे तुम्ही बघताय ते आजचं नसून मागच्या महिन्याचं असू शकतंय.

उघडताना अ‍ॅड्रेस बारवर नजर ठेवा. जुना पत्ता दिसला, त्याखाली पान रंगायला लागलं आणि मग पत्ता बदलला, तर रिडायरेक्ट पानात आहे असा दाट संशय घ्या. मग बॅक दाबून बघा. पानातल्या स्क्रिप्टनं ढकललं असंल तर बऱ्याचदा मागं जुनं पान उभंच असतं आणि ते परत पुढं ढकलतं. सर्व्हरच्या रिडायरेक्टमध्ये जुन्या पानाची इतिहासात नोंदच पडत नाही.

आणखी एक फसवणूक इथंच सांगून टाकतो. पानातल्या रिडायरेक्टमध्ये जुनं पान आणि नवीन पान हे ब्राउझरच्या दृष्टीनं दोन वेगळे प्रवास असतात, नवीन पान उघडताना घड्याळ परत शून्यापासून सुरू होतं. म्हणून नवीन साइटवर बसवलेलं मोजमाप जुन्या पानावर गेलेला वेळ धरतच नाही. सर्व्हरच्या रिडायरेक्टचा वेळ मात्र पहिल्या बाइटच्या वेळेत, आणि त्यातून एलसीपीमध्ये (पानातला सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ), मोजला जातो. म्हणजे कागदावर पानातला रिडायरेक्ट उलट चांगला दिसतो. एलसीपी २.५ सेकंदांच्या आत असला की गूगल चांगलं म्हणतं, तुमचा रिपोर्ट तसा दाखवंल सुद्धा, आणि माणूस तरी वाट बघतच बसलेला असतो. तेव्हा मालक जेव्हा रिपोर्ट दाखवून म्हणतो की बघा आमची साइट फास्ट आहे, तेव्हा भांडत बसू नका, त्याच्याच फोनवर जुनी लिंक उघडून दाखवा.

दुसरी: रिडायरेक्ट पानात आहे का, हे पक्कं करा

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये जुन्या पत्त्याच्या आधी व्ह्यू-सोर्स आणि कोलन टाकायचं (अर्थात इंग्रजी अक्षरात) आणि एंटर. यात पानाचा कच्चा कोड दिसतो, स्क्रिप्ट चालत नाही. सर्व्हरवरून रिडायरेक्ट असंल तर इथं सरळ नवीन पानाचा कोड येतो. जुन्याच पानाचा कोड दिसला म्हणजे झालं, चोर पानात आहे. मग कंट्रोल एफ दाबून ‘रिफ्रेश’ शोधा, नाही सापडलं तर ‘लोकेशन’ शोधा. मेटा टॅगमध्ये रिफ्रेश आणि शेजारी शून्य नाहीतर ३, ५ असा आकडा असंल तर तो मेटा रिफ्रेश. ‘विंडो डॉट लोकेशन’ असंल तर जावास्क्रिप्ट.

दोन्ही सापडत नाही आणि तरी पान उडी मारतंय? मग ती ओळ बाहेरच्या स्क्रिप्ट फाइलमध्ये, गूगल टॅग मॅनेजरमध्ये नाहीतर एखाद्या पॉपअप प्लगइनमध्ये लपलेली असती. क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये जाऊन जावास्क्रिप्ट बंद करा आणि जुना पत्ता परत उघडा. पान आता जागेवर थांबलं तर जावास्क्रिप्टच. तरीही हललं तर मेटा रिफ्रेश नाहीतर सर्व्हर, कारण मेटा रिफ्रेशला जावास्क्रिप्ट लागत नाही. बघून झालं की सेटिंग परत चालू करा, नाहीतर उद्या तुमचंच बँकेचं पान उघडणार नाही आणि तुम्ही बँकेला शिव्या द्याल.

ही तपासणी वेगाच्या पलीकडं पण महत्त्वाची आहे. गूगल पान रेंडर करून जावास्क्रिप्टचा रिडायरेक्ट ओळखतो, पण त्याचा स्वतःचाच सल्ला आहे की सर्व्हरवरून नाहीतर मेटा रिफ्रेशनं जमतच नसंल तरच तो वापरा. व्हॉट्सअ‍ॅप प्रिव्ह्यू बनवताना स्क्रिप्ट चालवत नाही, त्याला जे पहिलं पान मिळतं त्याचंच नाव आणि फोटो तो लावतो. वर लक्षणात जुनं नाव, जुना फोटो म्हणलं ते यामुळं. अ‍ॅनालिटिक्सचा घोळ पण इथलाच: स्क्रिप्टनं ढकललं की नवीन पानाला "मी कुठून आलो" याचं उत्तर जुनं पान असं मिळतं, सर्व्हरच्या रिडायरेक्टमध्ये मूळ गूगल नाहीतर फेसबुकच राहतं. आणि स्क्रिप्टमध्ये नवीन पत्ता ठोकून लिहिला असंल तर प्रश्नचिन्हापुढचं जाहिरातीचं शेपूट गळून पडतं, म्हणजे जाहिरातीवर पैसे घालायलात आणि कोणत्या जाहिरातीनं अ‍ॅडमिशन आलं ते कळंनाच.

तिसरी: साखळी मोजा

क्रोममध्ये एफ १२, नेटवर्क टॅब, ‘प्रिझर्व्ह लॉग’ वर टिक, ‘डिसेबल कॅश’ वर टिक, मग जुना पत्ता उघडा आणि वरच्या ओळी वाचा. प्रिझर्व्ह लॉगची टिक विसरली तर पान बदलताच आधीच्या ओळी पुसल्या जातात आणि तुम्हाला सगळं बरोबर आहे असं वाटतं. कॉम्प्युटर नसंल तर ‘रिडायरेक्ट चेकर’ म्हणून गूगलवर शोधा, फुकटच्या लई साइट आहेत, फक्त त्यातल्या बऱ्याच जणांना पानातला रिडायरेक्ट दिसत नाही, त्या २०० दाखवून मोकळ्या होतात. कर्ल (कमांड टाइप करून पान मागवायचं साधन) वापरता येत असंल तर त्यातही तसंच. उलट याचाच पुरावा म्हणून उपयोग होतो: कर्ल २०० म्हणतंय आणि ब्राउझर मात्र दुसरीकडं जातोय, म्हणजे रिडायरेक्ट पानातच.

एका लॉजच्या साइटवर नेहमी सापडणारा नमुना असा. पहिली ओळ, एचटीटीपी जुना पत्ता, ३०१. दुसरी, एचटीटीपीएस जुना पत्ता, परत ३०१. तिसरी, त्याचाच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेला अवतार, २००, आणि इथं मेटा रिफ्रेश शून्य. चौथी, नवीन डोमेन पण शेवटी स्लॅश नाही, ३०१. पाचवी, स्लॅश लावून, २००, हुश्श. नवरात्रात तुळजापूरला खोली शोधणारा माणूस बसमधून हे सगळं एका काडीच्या नेटवर्कवर सोसायलाय, आणि शेजारच्या लॉजचा फोन नंबर त्याला गूगलवर सरळ दिसायलाय. कुठं फोन करंल?

प्रत्येक ओळ कोणीतरी चांगल्या हेतूनं लावलेली असती, एसएसएल (एचटीटीपीएस) बसवणाऱ्यानं एक, होस्टिंगनं एक, वर्डप्रेसनं (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) स्वतःहून एक. दुरुस्ती म्हणजे जुन्या पत्त्याच्या प्रत्येक अवतारावरून थेट शेवटच्या पत्त्यावर एकाच उडीत. गूगलबॉट १० उड्यांपर्यंत मागं येतो, क्रोम २० नंतर ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ म्हणून हात वर करतो, पण म्हणून १० चालतात असं नाही. एकच ठेवा.

चौथी: जिथं रिडायरेक्टची गरजच नाही तिथला काढून टाका

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. नवीन साइटच्या स्वतःच्या मेनूत, फुटरमध्ये, जुन्या लेखांमध्ये जुनेच पत्ते पडलेले असतात, मग साइटच्या आत फिरणारा माणूस पण प्रत्येक क्लिकला उडी मारतो. गूगल बिझनेस प्रोफाइलमधला वेबसाइटचा पत्ता, इन्स्टाग्रामचा बायो, फेसबुक पेज, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं प्रोफाइल, गूगल अ‍ॅड्समधल्या लिंका, हे सगळं तुमच्या हातात आहे, नवीन पत्ता टाका. क्यूआर कोड छापून झालेत ते काही बदलता येत नाहीत, पण पुढच्या छपाईला थेट शेवटचा पत्ता द्या, मधे शॉर्ट लिंक घातली की ती आणखी एक उडी.

पाचवी: जुन्या डोमेनचं सर्टिफिकेट

जुनी लिंक दाबली की लाल त्रिकोण आणि "तुमचं कनेक्शन खासगी नाही" असं येतंय? नवीन साइटचं सर्टिफिकेट (एचटीटीपीएससाठी लागणारं ओळखपत्र) बघू नका, जुन्याचं बघा. एचटीटीपीएसमध्ये आधी हातमिळवणी आणि मग बोलणं, म्हणजे जुन्या डोमेनवर चालू सर्टिफिकेट नसंल तर सर्व्हरला "तिकडं जा" म्हणायची सुद्धा संधी मिळत नाही. लेट्स एनक्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट ठरावीक दिवसांचंच असतंय, आपोआप नवीन होतंय, पण जुन्या डोमेनचं होस्टिंग बंद केलं नाहीतर डीएनएस फिरवलं की ते थांबतं आणि कोणाचं लक्ष नसतं. डोमेन विकणाऱ्याच्या पॅनलमधलं फुकटचं ‘फॉरवर्डिंग’ वापरलं असंल तर ते एचटीटीपीएसवर चालतंय का ते मुद्दाम तपासा, काहींचं फक्त एचटीटीपीवर चालतं. त्यातला ‘मास्किंग’ हा पर्याय तर लावूच नका, त्यात रिडायरेक्ट होतच नाही, जुन्या पत्त्याच्या फ्रेममध्ये नवीन साइट अडकवून दाखवतात.

सहावी: आता खरी दुरुस्ती, सर्व्हरवर

इथून पुढं फाइलला हात लागणार, तेव्हा आधी बॅकअप. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगचं कंट्रोल पॅनल) फाइल मॅनेजर उघडून डॉट एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरचे नियम असलेल्या फाइलची कॉपी स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. फाइल दिसत नसंल तर सेटिंगमध्ये लपलेल्या फाइल दाखवा म्हणायचं.

सगळ्यात सोपं म्हणजे सीपॅनेलमधलंच ‘रिडायरेक्ट्स’ चिन्ह. जुनं डोमेन निवडा, पर्मनंट निवडा, नवीन पत्ता टाका, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता दोन्हीसाठी म्हणा. वाइल्डकार्डची टिक लावली तर आतली पानं पण त्याच नावानं नवीन डोमेनवर जातात. हे वर्डप्रेस असलेल्या फोल्डरमध्ये केलं आणि फक्त होमपेज जातंय, आतली पानं जातच नाहीत, अशी तक्रार हमखास येती. कारण सीपॅनेल आपली ओळ फाइलच्या तळाला टाकतं आणि त्याच्या आधीच वर्डप्रेसच्या ओळी आतल्या पानांची मागणी आपल्याकडं ओढून घेतात. ती ओळ उचलून ‘बिगिन वर्डप्रेस’ लिहिलेल्या ओळीच्या वर ठेवा. बिगिन आणि एंडच्या मधे ठेवू नका, पर्मालिंक सेव्ह केलं की वर्डप्रेस मधलं सगळं पुसून स्वतःचं लिहितं.

हातानं लिहायचं असंल तर रिडायरेक्ट हा शब्द, मग ३०१, मग जुन्या पानाचा रस्ता, मग नवीन पूर्ण पत्ता, एवढीच एक ओळ. ३०१ लिहायचं विसरलं तर अपाची (ही फाइल वाचणारा सर्व्हरचा प्रोग्रॅम) त्याला ३०२ समजतो, म्हणजे तात्पुरता. रीराइटवाल्या ओळीत पण आर नुसता लिहिला तर तेच. वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी रिडायरेक्ट फंक्शनचं पण तेच, काही सांगितलं नाही तर ३०२. लाइटस्पीड या दुसऱ्या सर्व्हर प्रोग्रॅमवर हीच फाइल चालती. एनजिनएक्स हा तिसरा, तो ही फाइल वाचतच नाही, तिथं सर्व्हर ब्लॉकमध्ये ‘रिटर्न ३०१’ लिहावं लागतं, त्यामुळं एनजिनएक्सवर डॉट एचटीअ‍ॅक्सेस बदलत बसलात तर उपयोग शून्य.

आधी मुद्दाम ३०२ लावून तपासा, सगळे पत्ते बरोबर चाललेत असं दिसलं की मग ३०१ करा. चुकीचा ३०१ लोकांच्या ब्राउझरमध्ये जाऊन बसला की तुम्ही सर्व्हरवरून काढला तरी त्यांच्या फोनमधून काढता येत नाही.

प्लगइननं केलं तर? वर्डप्रेसचा रिडायरेक्शन प्लगइन पण सर्व्हरवरूनच पाठवतो, म्हणून पानातल्या स्क्रिप्टपेक्षा कधीही बरा, फक्त त्यात प्रत्येक उडीला आधी पीएचपी आणि वर्डप्रेस जागं व्हावं लागतं, डेटाबेसला विचारावं लागतं. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर हे जाणवतं. वीस-पंचवीस पानं असतील तर खुशाल वापरा, मालकाला स्वतः बघता येतं हा मोठा फायदा. पूर्ण डोमेन हलवायचं असंल तर मात्र सर्व्हरच्या फाइलमध्येच करा.

आणि सगळी जुनी पानं नवीन होमपेजवर ढकलू नका. अकरावी सायन्सच्या फीचं पान दाबलं आणि होमपेज आलं तर पालक परत शोधत बसत नाही, आणि गूगल पण अशा रिडायरेक्टला ‘सॉफ्ट ४०४’ धरू शकतं, म्हणजे पान नाहीच असं. फीचं पान फीच्या पानावर, पत्त्याचं पत्त्यावर.

क्लाउडफ्लेअर (साइट आणि गिऱ्हाईक यांच्या मधे उभी राहणारी सेवा) असणाऱ्यांसाठी एक वेगळं. साइट गोल गोल फिरायली आणि ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ येतंय तर आधी एसएसएलचा मोड बघा. फ्लेक्सिबल असंल तर क्लाउडफ्लेअर तुमच्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीवर बोलतो, सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसवर ये, तो परत एचटीटीपीवरच येतो, आणि हे चालूच राहतं. सर्व्हरवर सर्टिफिकेट बसवा, मोड ‘फुल स्ट्रिक्ट’ करा. दुसरं, क्लाउडफ्लेअरवर जुनं डोमेन असंल तर रिडायरेक्टचा नियम तिथंच लावता येतो, मागणी तुमच्या होस्टिंगपर्यंत जातच नाही, हा सगळ्यात वेगवान मार्ग.

पानातला रिडायरेक्ट कुठं चालतो

ब्लॉगरवरून स्वतःच्या वेगळ्या डोमेनवर आलेल्यांची अडचण खरी आहे. ब्लॉगरच्या सेटिंगमधले कस्टम रिडायरेक्ट फक्त त्याच ब्लॉगच्या आत चालतात, बाहेर पाठवता येत नाही, सर्व्हर तुमच्या ताब्यात नाही. गिटहब पेजेसवर (साइट फुकट ठेवायची जागा) पण सर्व्हरचे नियम लिहिता येत नाहीत. अशा वेळी मेटा रिफ्रेश, आकडा शून्य, पान शक्य तितकं रिकामं, आणि खाली एक साधी क्लिक करायची लिंक. गूगल शून्य सेकंदांच्या मेटा रिफ्रेशला कायमचा रिडायरेक्ट समजतं, काही सेकंद थांबवणाऱ्याला तात्पुरता. जावास्क्रिप्टच वापरावा लागला तर ‘लोकेशन डॉट रिप्लेस’ वापरा, म्हणजे बॅक बटण अडकत नाही. पत्त्यातल्या हॅश चिन्हापुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, त्यामुळं त्यावरून ठरवायचं असंल तर ते पानातच करावं लागतं, तिथं इलाज नाही.

इथं थांबा, माणूस बोलवा

जुनी लिंक फक्त मोबाइलवर, फक्त गूगलवरून आल्यावर, जुगाराच्या नाहीतर भलत्याच साइटवर जायली आणि तुम्ही स्वतः पत्ता टाकून उघडली की सगळं ठीक, तर हा रिडायरेक्टचा बिघाड नाही, साइट हॅक झाली आहे. एक प्लगइन काढून, एक ओळ पुसून हे जात नाही, दुसऱ्या फाइलमधून परत उगवतं. हात लावू नका, सिक्युरिटीचं काम करणाऱ्याला द्या, आणि तोवर पासवर्ड बदला.

पेमेंट नाहीतर बुकिंगचा फॉर्म जुन्या पत्त्यावर माहिती पाठवत असंल तरी थांबा. ३०१ आणि ३०२ मध्ये ब्राउझर पोस्टचं (माहिती पाठवणं) गेट (नुसतं पान मागणं) करून टाकतात, म्हणजे भरलेली माहिती वाटेत गळते. त्याला ३०७ नाहीतर ३०८ लागतो, आणि खरं तर पेमेंट गेटवेच्या पॅनलमध्ये जाऊन पत्ताच बदलायला पाहिजे. गिऱ्हाइकाचे पैसे कटले आणि बुकिंग दिसंना, हे प्रकरण घरच्या घरी निपटायचं नसतं.

डीएनएस बदलायची वेळ आली आणि त्याच डोमेनवर ऑफिसचे ईमेल चालतात, तरी थांबा, एमएक्सची (मेल कुठं पोचवायची ते सांगणारी) एक नोंद उडाली की मेल बंद. फाइल बदलल्यावर ५०० एरर आला तर बॅकअप परत चढवा, बॅकअप नसंल तर होस्टिंगच्या सपोर्टला लगेच तिकीट टाका, अंदाजानं ओळी काढत बसू नका. एनजिनएक्सची कॉन्फिग फाइल कधी उघडली नसंल तर चालू साइटवर शिकू नका.

ज्याला बोलवाल त्याला चार गोष्टी तयार ठेवा, त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात: जुन्या आणि नवीन पत्त्यांची एक्सेलमधली जोडी, नेटवर्क टॅबचा स्क्रीनशॉट, होस्टिंग आणि डोमेन कुठलं आणि कोणाच्या नावावर आहे ते, आणि सर्च कन्सोलचा (गूगलचं साइटमालकांसाठीचं पॅनल) अ‍ॅक्सेस, दोन्ही डोमेनचा, कारण डोमेन बदलल्याचं गूगलला तिथूनच कळवायचं असतं. शेवटच्या माणसानं सगळं त्याच्याच नावावर घेतलेलं असतं हे आपल्याकडं लई ठिकाणी सापडतं, तेव्हा ते आजच बघून ठेवा. जुन्या डोमेनचं रिन्यूअल सोडू नका, रिडायरेक्ट निदान एक वर्ष तरी ठेवा असं गूगल सांगतं, पण जोवर जुना पत्ता छापलेला बोर्ड रस्त्यावर उभा आहे तोवर डोमेन भरतच राहावं लागंल.